किती देवाचे?

कुलदीप इंजिनिअरबद्दल वच्छलाबाई नैतामची तक्रार एकच होती, पण ती सकाळी चूल पेटली की सुरू व्हायची आणि रात्री चूल विझली तरी धुमसत राहायची. पोरगा पाणी पीत नव्हता.

म्हणजे प्यायचा, पण स्वतःच्या बाटलीतलं. कोहकाटोल्याच्या नाल्यावर रपट्याचं, म्हणजे ठेंगण्या पुलाचं, काम निघाल्यापासून तो रोज धानोऱ्याहून मोटरसायकलीवर यायचा, नाल्यात उभा राहून लोखंड मोजायचा, वाळू मुठीत घेऊन चोळायचा, उन्हानं भाजून निघायचा. काठावरचं पहिलं घर वच्छलाबाईचं. तिथून तिची सून उर्वशी पाण्याचा गडवा घेऊन खाली उतरली की तो दोन्ही हात जोडायचा आणि म्हणायचा, "नोको वहिनी. हाय माह्याजवळ."

"बाटली घेऊन फिरते, तान्ह्या लेकरावानी," वच्छलाबाई म्हणायची. "आमच्या पाण्यात काय बेडूक पोहून राह्यले काय?"

"राहू द्या ना, आत्याबाई. शहरातलं पोट असते त्यायचं."

"कायचं शहर? ब्रह्मपुरीचा तं हाय. तिथलं काय पोट येगळं असते?"

साहेब लोक तिनं पुष्कळ पाहिले होते. मोजायला आलेले, मोजलेलं पुन्हा मोजायला आलेले, मोजलेलं हरवलं म्हणून परत मोजायला आलेले. ते आधी अंगणातल्या कोंबड्याकडे पाहायचे आणि मग नाल्याकडे. कोंबडा मागणाऱ्याचं काय करायचं, हे तिला ठाऊक होतं: चार शब्द सुनवायचे आणि रस्सा वाढायचा. पण काहीच न मागणाऱ्याचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि खरी कळ वेगळीच होती. पोराचं आडनाव मेश्राम. वच्छलाबाईच्या माहेरचं आडनावही मेश्राम. बाप गेला, भाऊ गेला, माहेरची वाट मोडली, त्याला कितीतरी पावसाळे झाले. आता इतक्या वर्षांनी माहेरच्या नावाचा एक पोरगा दारासमोर येऊन उभा राहिला होता, आणि तो दारातलं पाणी परत पाठवत होता.

रपट्यावर तिचा जीव होता, त्यालाही कारण होतं. गेल्या पावसाळ्यात तिला ताप भरला. नाल्याला पूर. गावानं तिला खाटेवर घातलं, चौघांनी खाट खांद्यावर घेतली आणि पाण्यात शिरले. मधोमध एकाचा पाय घसरला, खाट कलली, वच्छलाबाईची एक चप्पल वाहून गेली आणि पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या शेजारच्या गावच्या बायकांनी ते सगळं डोळे भरून पाहिलं. ताप चार दिवसांत उतरला. तो अपमान काही उतरला नाही. "खाटेवर आता एकदाच जाईन," तिनं परत आल्या आल्या जाहीर केलं, "आन तवा पाहाले मी नसन. तोवर नाला मी माह्या पायानं ओलांडीन."

त्यानंतर ग्रामसभेत तिनं दुसरा विषय निघू दिला नाही. समाजमंदिर निघालं की ती म्हणे रपटा. सौरदिवे निघाले की ती म्हणे रपटा. उर्वशी ग्रामसभेची अध्यक्ष होती, त्यामुळे सभा घरीही चालायची. जागासुद्धा वच्छलाबाईनंच दाखवली. नकाशावर रपटा सरळ रेषेत होता; ती म्हणाली, "सरळ रेषेत बैल बी उतरत नाई, तुमचा टेम्पो काय उतरन?" कुलदीपनं बैल कुठून उतरतात ते दोन दिवस पाहिलं आणि नकाशा बदलला. तेव्हापासून ती मनातून त्याच्यावर खूश होती, म्हणून तर पाण्याचा राग जास्त.

आता पाइप बसले होते. वर लोखंडाची जाळी बांधून झाली होती. स्लॅब तेवढा टाकायचा राहिला होता, आणि मिरग तोंडावर आला होता. नाला भरायच्या आत काम आटोपलं नाही तर उरलेला पैसा परत जाणार आणि वच्छलाबाई परत खाटेवर जाणार, हे गावातलं पोरगंसुद्धा सांगत होतं.

शेवटी तिनंच मनाशी ठरवलं. पोरगा बुजरा असेल. आपण रीतीनं विचारलंच नाही, म्हणून तो परका राहिला. गोंडाच्या घरी पाहुण्याला आधी विचारायची गोष्ट एकच: किती देवाचे? कोणाचं कुळ चार देवांचं, कोणाचं पाच, कोणाचं सहा, कोणाचं सात. आकडा कळला की माणूस भाऊबंद की सोयरा ते कळतं, त्याला कुठं बसवायचं ते कळतं, त्याच्याशी थट्टा करायची की पदर सावरायचा तेही कळतं. मेश्राम म्हणजे सात देवाचे, हे तिला ठाऊक होतं. पण ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "सात" म्हणाला की ती म्हणणार होती, "मंग मी तुही फुई, तुह्या बापाची बहीन. चाल घरात."

काठी टेकत ती नाल्यात उतरली. कुलदीप जाळीच्या गाठी तपासत होता. तिनं आजूबाजूला पाहिलं. अशी गोष्ट चारचौघांत मोठ्यानं विचारत नाहीत. जवळ जाऊन तिनं हळूच, मायेनं विचारलं, "काऊन बाबू, किती देवाचे?"

आता इथे एक घोळ आहे. झाडीपट्टीत 'द्यायचे' असं कोणी म्हणत नाही. घ्यायचे ते घेवाचे आणि द्यायचे ते देवाचे. बाजारात वांग्याचे किती देवाचे, जीपवाल्याला किती देवाचे. कुलदीप ब्रह्मपुरीचा, याच बोलीत वाढलेला. एक म्हातारी आजूबाजूला पाहत जवळ येते आणि हळूच विचारते, किती देवाचे?

त्याच्या हातातली पक्कड खाली पडली.

नोकरीवर रुजू होताना त्याच्या आईनं, सत्यशीलाबाईनं, त्याच्याकडून वचन घेतलं होतं की पगाराशिवाय कोणाचं काही घेणार नाही. पोरानं ते इतकं मनावर घेतलं की 'काही' या शब्दात पाणीसुद्धा धरलं. आणि आता हे!

"आजी!" तो लाल होऊन म्हणाला. "एक बी नाई! काय बोलून राह्यल्या तुमी?"

"एक बी नाई?" वच्छलाबाई चरकली.

"एक बी नाई! माह्या बापालेबी कवा नाई लागले, आन आज्यालेबी नाई!"

"आज्यालेबी नाई?"

"आमच्या खानदानातच नाई ते! पुना विचारू नोका, आजी. हात जोडतो."

वच्छलाबाई घरी आली आणि अंगणातल्या खाटेवर बसून राहिली. उर्वशीनं विचारलं, "काय झालं जी?"

"त्या पोराले एक बी देव नाई वो."

"असं कसं होईन?"

"बापाले नाई, आज्याले नाई. खानदानात नाई म्हणते." तिनं पदरानं डोळे टिपले. "मी त्याले बाटलीवरून बोलत होती. कळपातून चुकलेल्या वासरावानी हाय वो ते लेकरू."

तिकडे लेकरू मोटरसायकलीला किक मारून थेट धानोऱ्याला गेलं आणि आपल्या साहेबांसमोर उभं राहिलं. त्याचा हेतू चांगलाच होता. तो म्हणाला, "साहेब, गावातल्या म्हाताऱ्या माणसाले बी विचारावं लागते का किती देवाचे. म्हणजे आधीच्या लोकायनं तशी सवय लावली असन. याचा बंदोबस्त व्हाले पायजे." साहेबांनी मान डोलवली. सरकारी कामात मान डोलवली की पुढं जे व्हायचं तेच झालं: चौकशी लागली, आणि चौकशी होईपर्यंत काम बंद.

ठेकेदार हरिदासनं डोक्याला हात लावला. मिक्सर भाड्याचा, मजूर आलेले, सिमेंट ताडपत्रीखाली. लोखंडाची जाळी उन्हात तापत पडली. कुलदीप जाळीकडे पाहायचा आणि बाटलीतलं पाणी प्यायचा. वच्छलाबाई दर तासाला काठावर येऊन डोंगराकडे पाही. डोंगरावर ढग जमत होते.

चौकशीला आले ते गुणवंतराव. पोटानं भारदस्त, आवाजानं मऊ, गुन्हेगाराला गोडीत घेऊन बोलतं करण्यात त्यांचं नाव होतं. जीप पलीकडे ठेवून, दगडांवरून उड्या मारत ते नाला ओलांडून आले. लोकांनी मोकळेपणानं बोलावं म्हणून कुलदीपला त्यांनी जीपजवळच थांबायला सांगितलं. मग ते वच्छलाबाईच्या अंगणात, त्याच खाटेवर बसले. उर्वशी चहा ठेवायला आत गेली. ते घटाघट गडवाभर पाणी प्यायले. वच्छलाबाईला माणूस आवडला.

"बाई, घाबरायचं नाही," ते म्हणाले. "खरं खरं सांगायचं. तुम्ही इंजिनिअरसाहेबांना 'किती देवाचे' असं विचारलं?"

"विचारलं ना जी."

"त्यांनी आधी काही सुचवलं होतं?"

"तो कायचं सुचवते? मीच विचारलं. आमी सगळ्यायलेच विचारतो."

गुणवंतराव खाटेवर पुढं सरकले. "सगळ्यांना?"

"रीतच हाय आमची. पहिले तेच विचारावाचं, मंग पानी, मंग जेवन."

"बरं. मग बाकीचे साहेब काय सांगतात?"

"ज्याचे जेवढे असतेत तेवढे सांगतेत. कोनी चार, कोनी सहा."

"नावानिशी सांगता येईल?"

"काऊन नाई? तलाठी रामाजी आत्राम, सहा. शाळेतले कुमरे गुरुजी, पाच. जंगलवाले मडावीसाहेब, सात."

"सात!" गुणवंतरावांनी शीळ घातली. "सातच्या वर?"

"सातच्या वर नाई होत जी. कुठीतरी थांबावं लागते ना."

"आणि सरकारी दवाखान्यात?"

"डॉक्टरीनबाई नवीन हाय. तिले विचाराचं राह्यलं. लाजते ते."

गुणवंतरावांनी कपाळ पुसलं. नोकरीत त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं, पण इतक्या सरळ डोळ्यांनी कोणी ऐकवलं नव्हतं. "हे लोक लपवत वगैरे नाहीत?"

"लपवाचं काय त्याच्यात? लग्नात तं पहिले हेच विचारतेत. त्याच्याशिवाय पोरगी देत नाई कोनी."

"आणि... तुमच्या घरात?"

"आमच्या घरी चार." वच्छलाबाईनं मान ताठ केली. "माहेरी माहे सात होते. लग्न झालं का बाईचे कमी होतेत नाई तं वाढतेत, जसं सासर असन तसं. माहे कमी झाले. पन मी कवा कुरकुर नाई केली."

"तुम्हीसुद्धा, बाई?"

"जन्मापासून!"

गुणवंतराव आणखी जवळ सरकले. मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "हे सगळं ठेवता कुठं?"

"कोन?"

"हेच. चार, सात, जे काय असेल ते."

"जंगलात. साजाच्या झाडाखाली."

"सगळ्यांचं एकाच ठिकाणी?"

"असं कसं? चारवाल्यायचं येगळं, सातवाल्यायचं येगळं. वर्षातून एकदा बाहेर काढतेत, नदीवर नेऊन धुतेत, आन पुना जागच्या जागी ठेवतेत."

"धुतात!" गुणवंतराव पुटपुटले. "धुतातसुद्धा!"

"मंग? वर्षभर पडून राह्यलेलं धुवाले नाई पायजे?"

"मला दाखवाल ती जागा?"

वच्छलाबाईनं दोन्ही कानांना हात लावले. "बाहेरच्याले नाई दाखवत जी. आमाले बायायलेबी जवळ नाई जावाचं."

गुणवंतराव उठून अंगणाच्या कोपऱ्यात गेले आणि त्यांनी तलाठ्याला फोन लावला. एवढंच म्हणाले, "सहाचं प्रकरण बाहेर आलंय. असाल तसे कोहकाटोल्याला या."

रामाजी आत्राम नाल्याच्या अलीकडच्याच एका गावात होता. चौकशी, प्रकरण, सहा. तीन शब्द ऐकून माणसाचं जे व्हायचं ते त्याचं झालं होतं. जंगलाच्या वाटेनं मोटरसायकल हाणत तो आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. "साहेब," तो गाडीवरूनच ओरडला, "मी सहा घेतले असं कोन म्हणते?"

"मी म्हणते," वच्छलाबाई म्हणाली. "आन घेतले कोन म्हणलं? तुह्या बापाकडूनच आले तुह्याकडे."

"म्हणजे वडिलांपासून चालू आहे!" गुणवंतराव म्हणाले.

"मामी!" रामाजी रडकुंडीला आला. "माह्या मेलेल्या बापाले काऊन मधात आनता? काय बिघडवलं जी मी तुमचं?"

"अरे, मंग आत्राम सहाचे नाई तं काय सातचे? शिकला तं आपलं कुळबी इसरला काय गा? आता माह्या तोंडून तुले तुहे देव मोजून पायजेत काय?"

रामाजी थांबला. त्यानं वच्छलाबाईकडे पाहिलं. मग गुणवंतरावांकडे पाहिलं. मग तो मोटरसायकलीवरून उतरून जमिनीवरच बसला आणि इतका हसला, की चहा घेऊन बाहेर आलेली उर्वशी तशीच उभी राहिली. "साहेब," तो धाप टाकत म्हणाला, "देव जी, देव! हात जोडतो ते देव! आत्रामाचे सहा, कुमऱ्यायचे पाच, मडाव्यायचे सात!"

आधी उर्वशीला कळलं. तिच्या हातातल्या कपबशा वाजायला लागल्या. गुणवंतरावांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर ते आणखी वेळ चहाच्या कपात पाहत राहिले. वच्छलाबाईला मात्र हसायचं कारण शेवटपर्यंत समजलं नाही, कारण ती पहिल्यापासून तेच सांगत होती.

"ठीक आहे," गुणवंतराव घसा खाकरून म्हणाले. "गैरसमज झाला. पण असं तोंडी चालत नसतं. मी अहवाल देईन, तो वर जाईल, वरून खाली येईल. आठ-पंधरा दिवसांत काम सुरू करायला हरकत नाही."

"आठ-पंधरा दिवसानं नाला येते, साहेब," वच्छलाबाई म्हणाली.

"त्याला आता काय करणार, बाई? रीत असते. तुमची कशी, तशी आमची."

नाला काही आठ दिवस थांबला नाही. डोंगरावर दुपारपासून बरसत होतं. इकडे थेंब नव्हता. गुणवंतराव काठावर आले तेव्हा ज्या दगडांवरून ते उड्या मारत आले होते, ते दगड दिसत नव्हते. तांबूस पाणी पाइपांच्या वरून, बांधलेल्या जाळीतून खळाळत चाललं होतं. कमरेएवढं असेल. पलीकडे जीप. जीपजवळ कुलदीप, हातात बाटली.

"दुसरा रस्ता नाही?" गुणवंतरावांनी विचारलं.

"हाय ना जी," वच्छलाबाई म्हणाली. "दिवाळीनंतर."

"मला संध्याकाळपर्यंत गडचिरोलीला पोचायचंय!"

वच्छलाबाईनं नाल्याकडे पाहिलं, साहेबांच्या पोटाकडे पाहिलं, आणि मागं वळून आपल्या मुलाला हाक मारली. "देवाजी! खाट आन."

एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यानं खाटेवर बसून नाला ओलांडावा की नाही, यावर रामाजीनं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण तोवर गुणवंतराव खाटेवर बसलेही होते. देवाजी आणि गावातले तिघे दणकट गडी यांनी खाट खांद्यावर घेतली. काठावर सगळा टोला, सगळी वस्ती जमली. वच्छलाबाई सगळ्यांच्या पुढं, काठीवर दोन्ही हात ठेवून, पलीकडच्या गावच्या बायका गेल्या वर्षी उभ्या होत्या तशी उभी.

मधोमध आले आणि व्हायचं तेच झालं. पुढच्या गड्याचा पाय घसरला, खाट कलली, गुणवंतरावांचा एक बूट पाण्यात पडला आणि हेलकावे खात पुढं निघाला. पलीकडून कुलदीप बाटली टाकून पाण्यात उतरला. गुणवंतरावांनी खाटेचे दोन्ही काठ धरून डोळे मिटले.

वच्छलाबाईला साहेबांची खरीच दया आली. अशा वेळी माणसानं आपल्या कुळाच्या देवांना हाक मारायची असते. ती काठावरून ओरडली, "साहेब! घाबरू नोका! देवाचं नाव घ्या! किती देवाचे जी तुमी?"

"सगळे!" गुणवंतराव किंचाळले. "सगळे! तेहतीस कोटी! तेहतीस कोटी!"

नेमका तेव्हाच ठेकेदार हरिदास, काम कधी सुरू होईल ते साहेबांना विचारावं म्हणून, पलीकडच्या काठावर येऊन पोचला होता. बाकीचं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ऐकू आलं, की म्हातारीनं विचारलं किती देवाचे, आणि साहेबांनी आकडा सांगितला. तो सिमेंटच्या पोत्यांवर बसला. मग हात जोडून, रडक्या आवाजात पाण्याच्या दिशेनं म्हणाला, "साहेब, छोटासा रपटा हाय जी. थोडं कमी करा ना!"

कुलदीपनं खाटेला खांदा दिला आणि साहेब काठाला लागले. एका पायात बूट, एका पायात ओला मोजा, अशा अवस्थेत ते जीपला टेकून उभे राहिले. त्यांनी नाल्याकडे पाहिलं, पोत्यांवर बसलेल्या हरिदासकडे पाहिलं, पलीकडे काठीवर रेललेल्या वच्छलाबाईकडे पाहिलं. मग जीपच्या बॉनेटवरच कागद ठेवून त्यांनी काम तात्काळ सुरू करण्याचा आदेश लिहिला. अहवाल वर जाऊन खाली यायचा तो निवांत येईल, असं म्हणाले. सहीवर दोन थेंब पडले, पण सही वाचता येत होती.

"साहेबाचा बूट गेला वो," उर्वशी म्हणाली.

"जाऊ दे," वच्छलाबाई म्हणाली. "माही चप्पल एकटीच होती तिकडे."

सकाळी पाणी उतरलं. जाळीतला गाळ, पाला, काड्या काढायला सगळा टोला नाल्यात उतरला. कुलदीप वाकून प्रत्येक गाठ पुन्हा तपासत होता. मिक्सर सुरू झाला तो उन्हं कलल्यावरच थांबला. पुढं कितीतरी दिवस बायका सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर पाणी मारत होत्या आणि वच्छलाबाई काठी घेऊन बकऱ्या, कुत्री आणि उतावीळ पाहुण्यांना त्यावरून हाकलत होती.

रपटा वापरायला खुला झाला त्या दिवशी कोणी फीत कापली नाही. वच्छलाबाईनं नवं लुगडं नेसलं, नव्या चपला घातल्या आणि कोणाचा हात न धरता पलीकडे गेली. तिथं तिला काहीच काम नव्हतं. ती तशीच वळली आणि परत आली. खालून नाला भरून वाहत होता.

अंगणात कुलदीप उभा होता. घोळ कळल्यापासून तो गावात मान खाली घालूनच वावरत होता. आज निरोप घ्यायला आला होता. दुसऱ्या कामावर आलापल्लीकडे जायचं होतं. हातात बाटली होतीच.

"आजी, चुकलं माहं," तो म्हणाला. "तुमी मायेनं विचारलं आन मी भलतंच समजलो. माह्यापायी काम थांबलं."

"ते राहू दे. मले एक सांग. तू मेश्राम, मंग सातचा काऊन नाई?"

"आमी बौद्ध हावो, आजी. तुमच्यातलेबी मेश्राम असतेत, आन आमच्यातलेबी. छप्पन साली माह्या आज्यानं सगळे देव सोडले. म्हणून मी एक बी नाई म्हणलो ते खरंच निघालं. मी तुमच्या माहेरचा नाई लागत."

उर्वशी गडवा घेऊन दारात येऊन थांबली. शेजारच्या बायका कुंपणाला टेकल्या. सातचा असता तर घरात चुलीपाशी बसला असता. सहाचा असता तर खाटेवर बसून त्यानं थट्टा ऐकून घेतली असती. ज्याच्या मागं एकही नाही, त्याला बसवायचं कुठं? याची रीत गावात नव्हती. सगळ्या बायका वच्छलाबाईच्या तोंडाकडे पाहायला लागल्या.

वच्छलाबाई शाळा दुसरीपर्यंतच शिकली होती. पण तेंदूच्या फडावर पानांचे पुडे मोजण्यात तिचा जन्म गेला होता, आणि आकड्यामागचं शून्य पुसलं तर काय होतं, यावरून तिनं मोठमोठ्या मुन्शींना रडवलं होतं. तिनं कुलदीपकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. चिखलात भिजून कडक झालेली पँट, उन्हानं सोललेलं नाक, हातातली बाटली. मग सुनेच्या हातातला गडवा घेतला, त्याच्यापुढं धरला आणि टोल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"तुहं शून्य, तं शून्य. काई बिघडत नाई. चारच्या मांगं शून्य बसलं का चाळीस होतेत, सातच्या मांगं बसलं का सत्तर होतेत, एवढं मलेबी कळते. पन शून्य एकटंच बाटली घेऊन उनात उभं राह्यलं ना बाबू, तं त्याले कोनी मोजत नाई. फेक ते बाटली. चाल चुलीपाशी, आन पानी पी."